पडेल ते दान

पानिपतची लढाई मी आजवर निदान दोनशे वेळा जिंकलेली आहे. तिला फारसे साहित्य लागत नाही. गावातल्या चहाच्या दुकानातले बाक, अर्धा कप चहा आणि ऐकून घेणारी दोन माणसे एवढी सामग्री मला पुरते. बागपतजवळचा यमुनेचा उतार भाऊंनी वेळेवर रोखला असता, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचे लटांबर मागेच ठेवले असते, विश्वासराव पडल्यावर ते हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले नसते, अशा पाचसहा ‘असता-नसता’च्या शिड्या लावल्या की अब्दालीचा तंबू माझ्या हाती येतो आणि तोवर चहाही संपतो. या बाबतीत मी काही एकटा नाही. पानिपत आपण 14 जानेवारी 1761 रोजी एकदाच हरलो. त्यानंतर प्रत्येक मराठी माणूस ते आपल्या सवडीप्रमाणे जिंकतच आलेला आहे.

त्यातून मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हणजे रोग आणि वरून पथ्य मोडण्याचा पगार! फळ्यावर दोन रेघा ओढून तिसरा बाण काढला की जगातला कुठलाही सेनापती माझ्यासमोर बाकावर उभा राहतो. सहावीच्या वर्गात मी पोरसाला वर्षानुवर्षे असाच उभा करीत आलो. ‘पोरसाच्या पराभवाची कारणे लिहा, गुण पाच.’ मुले पाच कारणे लिहितात आणि मी पाच गुण देतो. हत्तींवर नको इतका भरवसा, पावसाने झालेला चिखल, चिखलात रुतलेले रथ, सिकंदराने रात्रीतून वरच्या अंगाला जाऊन ओलांडलेली झेलम, आणि पोरसाने योग्य वेळी न घेतलेला निर्णय. हे पाचवे कारण माझे विशेष आवडते. ते मी दोनदा सांगत असे.

अशा या सेनापतीवर गेल्या मे महिन्यात प्रत्यक्ष लढण्याची पाळी आली.

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे आणि बरीच वर्षे इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. तिने हट्टाने तिकीट पाठवले म्हणून सुटीत महिनाभर तिच्याकडे राहिलो. नॉटिंगहॅम म्हणजे जगाला रॉबिनहुडचे गाव. पण आमच्या गावाला ते माहीत होते रॅले सायकलीमुळे. तो कारखाना तिथे 2002 साली बंद पडला. एके काळी लेस विणणारे कारखाने या शहरात होते. त्यांच्या लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, पण आतले यंत्र केव्हाच थांबले आहे. आसपासच्या कोळशाच्या खाणी हा या मुलखाचा तिसरा धंदा, तोही संपला. आज या भागात ज्या एका धंद्याचे नाव जगभर घेतले जाते तो ऐकून मी चाट पडलो. तो धंदा म्हणजे बोटाच्या पेराएवढे शिपाई ओतण्याचा!

हे शिपाई मला प्रथम भेटले ते माझ्या भाच्याच्या खोलीत. मुलगा तेरा वर्षांचा. मेजावर भिंगाचा दिवा, रंगाच्या टिकल्या आणि दोनचार केसांची कुंचली घेऊन तो एका दीड सेंटिमीटर उंचीच्या माणसाला मिशा काढीत होता. मी म्हटले, “आमच्याकडे दिवाळीत किल्ल्यावर मातीचे मावळे मांडतात, तसलंच हे.” त्याने मान वर न करता विचारले, “मग ते लढतात कुणाशी?”

मी गप्प बसलो. खरोखर आमच्या किल्ल्यावर कुणी चालून येतच नाही. महाराज दरवाजापेक्षा उंच आसनावर बसलेले असतात, बुरुजावरचा पहारेकरी बुरुजाहून मोठा असतो, पायथ्याशी एक गवळण आणि एक वाघ शेजारी-शेजारी उभे असतात आणि चार दिवस सगळे अळीवाच्या शेतात सुखाने नांदतात. शत्रू असा कुणी आम्ही विकत आणलेलाच नसतो.

भाच्याच्या खेळात मात्र शत्रू होता, नियम होते आणि नियमांचे पुस्तकही होते. 1990 साली निघालेल्या या खेळाचे नाव लॅटिन, अर्थ ‘प्राचीन युद्धांविषयी’. दोन फूट लांबरुंद मैदान, त्यावर कापडाची नदी, लाकडाची टेकडी, दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या. प्रत्येक खेपेला खेळणाऱ्याने एक फासा टाकायचा. जितके दान पडेल तितक्या चाली. खेटून उभ्या असलेल्या तुकड्यांची रांग एकाच चालीत पुढे नेता येते. रांग मोडली की प्रत्येक तुकडीला वेगळी चाल खर्चावी लागते. हत्ती हलवायचा तर एक चाल जास्त. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासे टाकून त्यात आपापले बळ मिळवायचे. कमी बेरजेची तुकडी मागे हटते आणि निम्म्यावर आली तर बहुधा गारद होते. आपल्या चार तुकड्या पडल्या आणि समोरच्याच्या त्याहून कमी पडलेल्या असल्या की आपण हरलो. एवढे नियम मला एका संध्याकाळी पाठ झाले. इंग्रजी व्याकरण इतक्या लवकर झाले असते तर माझ्या आयुष्याचा नकाशा निराळा निघाला असता.

हा पोरखेळ नव्हे, हेही भाच्याने मला बजावले. प्रशियाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने 1824 साली आपल्या वरिष्ठांना असाच खेळ मांडून दाखवला आणि पुढे तिथल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात तो शिरला. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 1913 साली शिशाच्या शिपायांच्या लढायांवर एक पुस्तकच लिहिले. दिवाणखान्यातल्या जमिनीवर लहान युद्ध खेळून पाहिलेल्या माणसाला खरे युद्ध किती धांदलीचे आणि गबाळे असणार हे कळून चुकते, असे त्याने त्यात सांगितले होते. त्याचे कुणी ऐकले नाही, कारण पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. यावर माझ्याकडेही सांगण्यासारखे काही होते. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही चार अंगे घेऊन पटावर लढाई मांडण्याची कल्पना मुळात आपली आणि तिचे नावच चतुरंग. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने आपल्याकडे जो चौघांनी खेळायचा पट पाहिला त्यात सोंगट्या फाशाच्या दानावर हलत. पुढे बुद्धिबळातून फासा गेला आणि उरली ती निव्वळ बुद्धी. मी म्हणालो, “शहाणी माणसं फासा काढून टाकतात.” भाचा म्हणाला, “मग ती लढाई राहत नाही, मामा.” तेरा वर्षांच्या मुलाशी वाद घालू नये, एवढे शहाणपण मास्तरला असते.

एका रविवारी त्याच्या मंडळाची स्पर्धा होती. सात जण होते आणि आठवा आजारी पडला होता. आठवा सेनापती म्हणून मला नेण्यात आले आणि मी भारतीय म्हणून भाच्याने मला पोरसाचे सैन्य उसने दिले. पोरसाशी माझा किती जुना परिचय आहे ते मी त्याला वाटेत, ट्राममध्ये, सविस्तर सांगितले.

चर्चच्या मागचा एक हॉल, घडीची मेजे, चहाची मोठी किटली आणि बिस्किटांचे ताट. भिंतीवर एका कागदावर आठ नावे लिहिलेली. माझ्या नावातली दोन अक्षरे गळली होती. बक्षीस म्हणजे एक लाकडी पाटी आणि मिठाईचा डबा. या पाटीसाठी आठ माणसे सबंध रविवार घालवतात याचे मला हसू आले होते. पण पहिला फासा हातात घेतल्यावर माझा तळवा ओला झाला, हेही सांगितले पाहिजे. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरानंतर तो इतका ओला झाला नव्हता.

पहिली लढाई एका अकरा वर्षांच्या मुलीशी झाली. तिच्याजवळ घोड्यावरून बाण मारणारे भटके स्वार होते. ती पंचवीस मिनिटांत माझ्याभोवती एक फेरी मारून आली आणि माझ्या चार तुकड्या उचलून मेजाच्या कडेला नीट ओळीने ठेवल्या. मग हात पुढे करून ‘आभारी आहे’ म्हणाली. दुसरी लढाई रोमन सैन्याच्या मालकाशी. हा धंद्याने बसचालक. त्याला ओळीने तीन वेळा एकच दान पडले. त्याचे शिपाई जागच्या जागी उभे राहिले आणि माझ्या हत्तींनी त्यांना तुडवले. हा विजय मी अर्थातच माझ्या बुद्धीच्या खाती जमा केला. पहिला पराभव फाशाच्या नावावर आधीच मांडून झाला होता.

तिसऱ्या लढाईला समोर आला एक सत्तरीचा म्हातारा. अंगाने आडवा, बोलणे मोजके, हाताची बोटे जाड आणि तुटकी वाटावीत अशी. त्या बोटांनी त्याने पेटीतून एकेक तुकडी काढून मांडली आणि मी पाहतच राहिलो. लांब भाल्यांचे पायदळ, शिरस्त्राणे घातलेले घोडेस्वार आणि त्यांच्या टोकाला पांढऱ्या तुऱ्याचा सिकंदर. पेराएवढ्या त्या माणसाच्या डोळ्यांत त्याने बाहुल्यासुद्धा काढल्या होत्या. चिठ्ठ्या कुणी मुद्दाम काढल्या नव्हत्या; पण इसवी सनापूर्वी 326 साली झेलमच्या काठी जे झाले ते नॉटिंगहॅमच्या त्या हॉलमध्ये पुन्हा व्हायचे होते. ही लढाई मी दरवर्षी शिकवतो, असे मी म्हाताऱ्याला सांगितले. तो म्हणाला, “मग आज मला काही आशा नाही.”

मी सैन्य मांडले. तीन हत्ती पुढे. त्यांच्या लगेच मागे धनुर्धारी, म्हणजे त्यांना आडोसा राहील. रथ आणि घोडदळ डाव्या अंगाला. मांडून झाल्यावर मैदान इतके सुरेख दिसू लागले की वर्गातली मुले इथे असती तर बरे, असे मला वाटले.

दोन खेपा सगळे ठीक चालले. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याचे घोडेस्वार माझ्या डावीकडून वळसा घेताहेत असा संशय आला. मी फासा टाकला. दान पडले दोन. दोन चालींत मी रथ आणि घोडदळ मागे घेऊन त्या बाजूला तोंड फिरवू शकलो असतो. किंवा एक हत्ती पुढे ढकलू शकलो असतो. दोन्ही करायला चार हवे होते. मी मेजाकडे पाहिले. संशय होता, खात्री नव्हती. तो वळसा नसून नुसती हूल असेल तर डावी बाजू मागे घेऊन मी माझीच रांग मोडणार होतो. पुढच्या खेपेला चार तर पडतीलच, पाचही पडतील, मग दोन्ही गोष्टी निवांत करू, असा हिशेब मी केला. तो हिशेब त्या क्षणी इतका रास्त वाटत होता की त्याला हिशेब म्हणण्याचीही गरज वाटली नाही. मी हत्ती पुढे केला.

पुढच्या खेपेला दान पडले एक. एका चालीत हत्ती हलत नाही आणि डावी बाजूही सगळी वळत नाही. त्यापुढच्या खेपेला पुन्हा एक. डावीकडचे दोन रथ गेले. मग तीन पडले, पण तोपर्यंत माझी रांग ठिकठिकाणी तुटली होती आणि प्रत्येक तुकडी आपल्यापुरती एक चाल मागत होती. तरी मी सावरलो. त्याच्याही दोन तुकड्या पडल्या, मग माझी एक, मग त्याची एक. तीन-तीन. आजूबाजूची मेजे संपवून लोक आमच्याभोवती जमले. मधला हत्ती भाल्यांना भिडला होता. आम्ही दोघांनी फासे टाकले. माझी बेरीज कमी आली. निम्मी नव्हे, नुसती कमी. म्हणजे हत्ती मरत नव्हता, मागे हटत होता. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हातारा मात्र बोट न उचलता माझ्या हत्तीच्या मागच्या जागेकडे पाहत होता.

मागे हटणारा हत्ती वाटेत येईल त्याला तुडवतो, मग तो परका असो वा आपला. मागे माझे धनुर्धारी उभे होते. आडोसा राहावा म्हणून मीच त्यांना तिथे उभे केले होते. ती माझी चौथी तुकडी.

हात हातात घेऊन झाले. भाचा मेजाशी वाकून मोडलेले मैदान न्याहाळीत होता. तो म्हणाला, “मामा, तिसऱ्या खेपेलाच डावी बाजू मागे घ्यायला हवी होती. सरळ दिसत होतं.”

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. पण ‘तिसऱ्या खेपेलाच’ हे शब्द ऐकताच मी मटकन खुर्चीत बसलो. हे वाक्य माझे होते. फार वर्षांपूर्वी मी ते याच सुरात दुसऱ्या एका माणसाला ऐकवले होते.

माझे वडील मुंबईला गिरणीत लूमवर होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात ते एक. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माणसे विरत गेली तसा तोही विरत गेला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात वडील आम्हाला घेऊन गावी आले ते कायमचे. ज्यांच्या हाताखालून रोज वारेच्या वारे कापड जाई त्यांनी वाण्याच्या दुकानात तराजू धरला. 1996 साली मी मॅट्रिक झालो. गुण चांगले होते. कॉलेज तालुक्याला होते आणि पैसे कुठेच नव्हते. त्या रात्री मी वडिलांना म्हणालो, “तुम्ही तिसऱ्या महिन्यातच कामावर परत जायला हवं होतं. हे सगळं तेव्हाच दिसत होतं.” संप सुरू झाला तेव्हा ज्याला धड बोलताही येत नव्हते तो मुलगा त्यांना तेव्हा काय दिसत होते ते सांगत होता!

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा रोज वाटायचं, उद्या मिटेल.”

मला ते दुबळ्या माणसाचे उत्तर वाटले. पोरसाच्या पराभवाचे पाचवे कारण मी वर्गात दोनदा का सांगत असे, ते आता ध्यानात येते. एवढ्याने भागले नाही म्हणून की काय, माझ्या पहिल्या कादंबरीत मी एक गिरणी कामगार घातला. तो तिसऱ्या महिन्यात मान खाली घालून कामावर जातो, शिव्या खातो, पण नोकरी राखतो. आणि त्याचा मुलगा कॉलेजात जातो. चांगल्या तीनशे पानांत मी वडिलांची लढाई जिंकून दाखवली होती. त्यांनी ती वाचली. “अक्षर मोठं आहे, वाचायला बरं पडलं,” एवढेच म्हणाले. 2016 साली ते गेले.

भाच्याच्या बोलण्याला मी काहीच उत्तर दिले नाही. उत्तर म्हाताऱ्याने दिले. मराठी त्याला येत नव्हते. पण मुलाच्या बोटाची दिशा आणि सूर यावरून तो जे समजायचे ते समजला होता. तो म्हणाला, “तेव्हा ते दिसत नव्हतं, पोरा. मी समोर उभा होतो. तो वळसा घ्यायचा की नाही, हे माझं मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मला पाच पडले म्हणून मी घेतला.”

चहाचे पेले घेऊन आम्ही दोघे हॉलबाहेरच्या पायरीवर बसलो. माझा चेहरा पाहून असेल, त्याने विचारले, काय झाले? माझे इंग्रजी तोकडे आणि सांगायचे ते लांबलचक. तरी संप, गिरणी, वडील एवढे तीन शब्द मी त्याच्यापर्यंत पोचवले. त्याने पेला खाली ठेवला. तो खाणीत होता. त्यांच्याकडचा संप मार्च 1984 ते मार्च 1985, एक वर्षाचा. पण देशभर मतदान न घेता संप पुकारला म्हणून नॉटिंगहॅमशरमधले बहुसंख्य कामगार कामावर जात राहिले, तर बाकीच्या मुलखातले बहुतेक बाहेर. “मी रोज कामावर गेलो,” तो म्हणाला. “माझा भाऊ गेला नाही. दरवाजापाशी तो उभा असायचा आणि आमची बस आत जायची.”

“मग?” मी विचारले.

“मग माझीही खाण बंद झाली. त्याची आधी झाली, माझी मागून.” त्या परगण्यातली शेवटची खोल खाण 2015 च्या जुलैत बंद पडली, हेही त्याने सांगितले. भावाशी बोलणे होते का, असे मी विचारले नाही. तो आपण होऊनच म्हणाला, “ख्रिसमसला कार्ड पाठवतो. तोही पाठवतो. आत नुसती सही असते.”

तीस वर्षे माझी खात्री होती की लढाईत एक बरोबर चाल असते आणि वडिलांनी ती चुकवली. इथे माझ्यासमोर तीच ‘बरोबर चाल’ खेळलेला माणूस बसला होता आणि त्याची पेटीही रिकामीच होती. आमच्या मुंबईतही जे कामावर परत गेले त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या गिरण्या पुढे थांबल्याच. चिमण्या पाडून तिथे उंच इमारती आणि काचेची दुकाने उभी राहिली. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असलेली गोष्ट वडिलांच्या बाजूने मांडून पाहण्याची तसदी मी कधी घेतली नव्हती. फळ्यासमोर उभा असलेल्या मास्तराच्या पाठीशी उत्तरपत्रिका असते. लढणाऱ्याच्या हाती असतो पडलेल्या दानाचा आकडा आणि समोर धूळ. आजचा तिसरा महिना हा किती महिन्यांतला तिसरा, हे त्या महिन्यावर लिहिलेले नसते.

म्हणून सगळाच बोल फाशाला लावावा, असेही मला म्हणायचे नाही. ओळीने दोनदा एक पडला तो फासा. पण धनुर्धारी हत्तीच्या मागे उभे केले ते मी. तिथे दानाचा काही संबंध नव्हता. खरा पोरसही पायदळ हत्तींच्या मागेच उभे करून लढला आणि बिथरलेल्या हत्तींनी त्याचीच माणसे तुडवली, असे ग्रीकांनी लिहून ठेवले आहे. आपल्या बाजूने त्या लढाईवर कुणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. म्हणजे जी चूक मी वीस वर्षे फळ्यावर लिहून दाखवीत आलो तीच मी वेळ आल्यावर जशीच्या तशी केली. आणि करताना मला ती चूक वाटली नाही, काळजी वाटली. वडिलांच्याही हातून अशा काही गोष्टी झाल्या असतील. भावकीतल्या एकाने 1982 च्या पावसाळ्यात त्यांना दुसरीकडे नोकरी देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. ती चूक त्यांची. पण तीही त्यांनी कुणाच्या तरी आडोशासाठीच केली असेल, इतका विचार माझ्या मनात त्या पायरीवर प्रथम आला. फरक एवढाच की शिशाचे शिपाई संध्याकाळी पेटीत परत जातात आणि पुढच्या रविवारी ताजेतवाने उभे राहतात.

पाटी त्या अकरा वर्षांच्या मुलीला मिळाली. मी आठांत सहावा आलो. निघताना म्हाताऱ्याने खिशातून एक हत्ती काढून माझ्या हातावर ठेवला; त्याच्या पेटीत तो जास्तीचा होता म्हणे. घरी येईपर्यंत बॅगेत त्याचा एक सुळा मोडला. तसाच तो माझ्या लिहिण्याच्या मेजावर उभा आहे. कादंबरीचे ते प्रकरण बदलावे असे दोनदा मनात आले. पण छापलेले पान हे खेळून झालेल्या चालीसारखे असते, परत घेता येत नाही. घ्यायला गेलो तर ते पुन्हा एकदा पानिपत जिंकणेच होईल. पानिपतचे म्हणाल तर ते मी अजूनही अधूनमधून जिंकतो. बाकावरची मंडळी आग्रह करतात.

जूनमध्ये शाळा उघडली. सहावीच्या वर्गात खडूने जमिनीवर झेलम काढली, चिंचोक्यांचे सैन्य मांडले आणि मुलांना ल्यूडोचा फासा दिला. मुलांनी पोरसाला तीनदा हरवला आणि दोनदा जिंकवला. मग घटक चाचणीत नेहमीचाच प्रश्न घातला. एका मुलीने नेहमीची कारणे लिहून खाली सहावे लिहिले होते : ‘दान वाईट पडले.’ लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो. परीक्षा ही परीक्षा, आणि पुस्तकात हे कारण नाही. शेवटी त्याला अर्धा गुण दिला. उरलेला अर्धा माझ्याकडेच राहिला आहे. तो कुणाला द्यायचा ते मला ठाऊक आहे. पण घेणारा आता नाही.